टाकीतल्या अक्षता

लाइलच्या भुवईवर तीन टाके पडले, त्या दिवशीसुद्धा मी पहिला फोन अनिलबुवांनाच केला. मशीन त्यांच्या ओळखीतून आलेलं, तेव्हा त्यांना कळायला हवं, एवढंच डोक्यात होतं. ते म्हणाले, "अरे देवा! ताई, माणूस बरा आहे ना? मशीनचं राहू द्या हो, माणूस महत्त्वाचा." आणि माझे डोळे भरून आले. किती मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी फार चतुर होते असा पुढे कुणाचा गैरसमज नको.

मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरी गावापासून तासाभराच्या अंतरावर हेरॉन हिल नावाची टेकडी आहे. तिथे एक छोटा स्की क्लब चालतो. सगळे हौशी लोक, पगार कुणालाच नाही. मी पाच वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या कंटाळ्याला औषध म्हणून तिथे जायला लागले. स्कीवर मी उभी कमी राहते आणि बसते जास्त, पण माझं खरं मन रमलं ते मागच्या शेडमध्ये. तिथे लाइल असायचा. बहात्तर वर्षांचा, आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. क्लबच्या वाटांवरचा बर्फ दाबून सपाट करायचं काम त्याचं. त्यासाठी स्नोकॅट लागतं: पुढे पातं, मागे बर्फ विंचरणारा फिरता रोलर, आणि खाली रणगाड्यासारखे रुंद पट्टे. त्या यंत्रातलं जवळजवळ सगळं तेलाच्या दाबावर हलतं. आणि मी तेवीस वर्षं तेलाच्या दाबाचे पंप तपासायचीच नोकरी करते. म्हणजे आमचं जमायचंच होतं.

गेल्या मार्चमध्ये क्लबचं जुनं यंत्र गेलं. इंजिनच बसलं. ऑक्टोबरअखेरच्या मीटिंगमध्ये नवं कुठून आणायचं यावर चर्चा झाली. नवं म्हणजे अर्थात वापरलेलंच. मी हात वर केला.

"माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत," मी म्हणाले. "वापरलेली मोठी यंत्रं मिळवून देतात. अगदी खात्रीचा माणूस."

"खात्री कशावरून?" लाइलने विचारलं.

आता याला काय सांगायचं? मी म्हणाले, "ते कीर्तन करतात. देवासमोर उभं राहून लोकांना गाऊन गोष्टी सांगतात, चांगलं वागायला शिकवतात. त्या जागेवर उभा राहणारा माणूस खोटं बोलत नाही."

"पाद्री आहे?"

"तसंच काहीसं. पण गातो."

लाइलने थोडा विचार केला. "आमचा पाद्री गातो तेव्हा लोक गाडी सुरू करायला बाहेर जातात," तो म्हणाला. "पण ठीक आहे. सुनी म्हणते तर घेऊ या."

सुनी म्हणजे मी, सुनेत्रा. 'सुनी म्हणते तर' या तीन शब्दांवर अकरा जणांनी हात वर केले.

कीर्तनाचं वेड मला वडिलांकडून आलं. ते नागपूरला वीज मंडळात होते. ड्यूटी संपली की मला सायकलच्या दांड्यावर बसवून कुठल्या ना कुठल्या देवळात न्यायचे. कीर्तनकार पूर्वरंगात काय समजावतोय ते मला कळायचं नाही, पण उत्तररंगात आख्यान सुरू झालं की मी सावरून बसायचे. वडील घरी पेटी वाजवायचे, ती मी उचलली. अमेरिकेत आल्यावर पंधरा वर्षं ती पेटी कपाटात होती. मग अनिलबुवा भेटले. पुण्याचे, दिवसा एका कंपनीत आयटीचं काम, शनिवार-रविवारी जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री, आणि सणावाराला कीर्तन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मध्यंतराचा नामगजर संपला तरी मी टाळ्या वाजवतच होते. कीर्तन संपल्यावर मी म्हणाले, "बुवा, मला पेटी येते." ते म्हणाले, "ताई, मग खाली कशाला बसलात?" त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताला मीच.

त्यांचं एक आख्यान इथे सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी स्वतः रचलेलं, सगुणा कुंभारणीचं. ही सगुणा गिऱ्हाइकाला मडकं द्यायच्या आधी बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारते आणि कान लावते. आवाज बद्द आला की सांगते, "बाई, हे पाणी धरणार नाही. धान्य ठेवा." दुष्काळात तिच्या भट्टीची सगळी मडकी तडकतात. घरात दाणा नाही, आणि दाराशी गिऱ्हाईक उभं राहतं. बुवा त्या जागी थांबतात, वाकतात आणि माझ्या पेटीच्या लाकडावर पेराने दोनदा वाजवतात. टक, टक. अकरा वर्षांत तो आवाज मी कितीदा ऐकला असेल, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आला आहे.

मशीन नोव्हेंबरच्या मध्यावर आलं. केशरी रंगाचं, बारा वर्षं वापरलेलं. बुवा फोनवर म्हणाले होते, "ताई, मी ते डोळ्यांनीसुद्धा पाहिलेलं नाही. विस्कॉन्सिनमधली एक टेकडी बंद पडली, तिथून ट्रकवर चढलं ते थेट तुमच्या अंगणात उतरलं. माझे फक्त कागद. पण माणसं चांगली आहेत ती, यंत्र जपून वापरलंय म्हणतात."

अंगणात ते झकास चाललं. पातं वर-खाली, रोलर गरगर, सगळं जागच्या जागी. लाइलने दोन फेऱ्या मारल्या आणि अंगठा वर केला. लाइलचा अंगठा म्हणजे दुसऱ्या कुणाची आतषबाजी.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी बर्फ पुरेसा साठला आणि तो टेकडीवर गेला. अर्ध्या चढावर पंप किंचाळायला लागला. मी खाली उभी होते, मला तिथवर ऐकू आला. मग पट्टे एका झटक्यात जाम झाले. या यंत्राचे ब्रेक तेलाच्या दाबाने सुटे राहतात. दाब गेला की स्प्रिंगने आपोआप लागतात. म्हणजे यंत्र शहाणं होतं, थांबलं. पण लाइल थांबला नाही. तो पुढच्या दांड्यावर आदळला.

टाके घालून आला तसा म्हणाला, "सुईने मला काहीच सांगितलं नाही."

"कुठल्या?"

"दाबाच्या. शेवटपर्यंत हिरव्यात होती. मी बघत होतो, सुनी."

मंगळवारी मी सुट्टी घेतली. शेडमध्ये हीटर लावला. लाइल पट्टी बांधलेल्या भुवईने स्टुलावर बसून राहिला; डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं म्हणून हातात फक्त दिवा धरायचं काम घेतलं होतं, आणि तेवढ्यानेच तो नाराज होता.

मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू केलं नाही, फक्त वीज आली. आणि दाबाची सुई डौलात उठून हिरव्या पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"इंजिन बंद," लाइल म्हणाला.

"बंद."

"पंप बंद."

"हो."

"आणि दाब एकदम उत्तम. मिनेसोटातलं सगळ्यात चांगलं मशीन. चालवायचीसुद्धा गरज नाही."

मी डॅशबोर्डचं झाकण काढलं आणि सुईची वायर बोटांनी पकडून मागे मागे गेले. पंपाजवळ एक सेन्सर असतो, तो दाब मोजतो आणि सुईला सांगतो. वायर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. हातभर अलीकडेच ती कापलेली होती आणि टोकाला एक छोटा रेझिस्टर जोडून दुसरं टोक सांगाड्याला बसवलेलं होतं. वरून काळी टेप, नीट तीन वेढे. म्हणजे पंप मेला काय, जगला काय, सुई तेच सांगणार. धोक्याची घंटा वाजवणारी वायरही उपटून बाजूला बांधून ठेवली होती. हे तुटलेलं नव्हतं, झिजलेलं नव्हतं, उंदरांनी कुरतडलेलं नव्हतं. कुणीतरी मल्टिमीटर लावून, किती ओहमने सुई मधोमध येते ते मापून, शांतपणे केलेलं काम होतं.

"विस्कॉन्सिनची माणसं," लाइल म्हणाला, आणि त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच एक असा शब्द ऐकला जो इथे लिहीत नाही.

मला आतून बरं वाटलं, खरं सांगते. मनात आलं, बिचाऱ्या बुवांनाही फसवलं त्या लोकांनी. आता हे कसं सांगायचं त्यांना?

वायर पूर्ववत जोडली. पंपाला माझा स्वतःचा गेज लावला आणि इंजिन सुरू केलं. दाब सुरुवातीला बरा. मग आम्ही पुढचे पट्टे लाकडी ठोकळ्यांवर चढवून यंत्र चढाला लागल्यासारखं तिरकं केलं. दोन मिनिटांत सुई खाली यायला लागली आणि पंपाने तीच किंकाळी फोडली. ती किंकाळी मी झोपेतही ओळखेन. पंपाला तेल मिळत नसलं की तो असा ओरडतो. तेल तर टाकीत भरपूर होतं. म्हणजे वाटेत काहीतरी अडकत होतं, आणि तेही चढावरच.

तेल काढलं, टाकीचं झाकण उघडलं, तळाची जाळी खोलून वर घेतली. पंपाकडे जाणारं तेल या जाळीतून गाळून जातं. लाइलने दिवा जवळ आणला.

जाळी भरली होती. बोटाच्या जाडीचा लगदा. मी चमच्याने खरवडून पांढऱ्या कागदावर घेतला, कापडाने तेल टिपलं.

"सुनी," लाइल म्हणाला. "हा तांदूळ आहे?"

तांदूळच होता. तेलाने तपकिरी झालेला, पण अख्खा. एकही दाणा तुटलेला नाही. मी एक दाणा चिमटीत घेऊन चोळला. बोटाच्या रेषेत लाल उतरलं. लालच, गंजाचं नाही. दुसरा दाणा पिवळट होता. मी हात नाकाजवळ नेला, उगाच, कारण हायड्रॉलिक तेलापुढे कसला वास येणार! पण मला देवघर आठवलं.

अक्षता होत्या त्या. हळद-कुंकू लावलेल्या.

सपाट अंगणात त्या तळाच्या एका कोपऱ्यात निजून राहत असणार. चढावर तेल मागे सरकलं की त्याच्याबरोबर वाहत येऊन जाळीवर बसत. सगळं चटकन जुळलं. आणि विस्कॉन्सिनच्या कुठल्या स्की टेकडीवर यंत्राच्या टाकीत अक्षता पडतात, हेही त्याच झटक्यात कळलं.

"तांदूळ इथे कसा आला?" लाइल विचारत होता.

"उंदीर," मी म्हणाले.

कसं म्हणाले ते मला आजही माहीत नाही. विचार करायच्या आत तोंडून निघालं. कुणाला तरी झाकायला हात आपोआप पुढे जातो तसं.

लाइलने मान डोलावली. "उंदीर. बसच्या हीटरमध्ये एकदा मला सूर्यफुलाच्या बिया मिळाल्या होत्या, पिशवीभर. ते कुठेही काहीही नेतात." त्याने माझ्यावर तसूभरही शंका घेतली नाही. पुन्हा 'सुनी म्हणते तर'.

जाळी धुतली, टाकी पुसली, नवं तेल भरलं. संध्याकाळच्या आत मशीन तिरक्या ठोकळ्यांवर अर्धा तास चाललं आणि सुई खरं बोलत हिरव्यात राहिली. लाइलने अंगठा वर केला. मी त्या अक्षता कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवल्या. कचऱ्यात टाकवेनात. देवाला वाहिलेल्या होत्या शेवटी.

गाडीत बसल्यावर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे मागे गेले. ऑक्टोबर. खंडेनवमी. सगळ्यांनी आपापल्या घरच्या पूजेचे फोटो टाकले होते: कुणाची गाडी, कुणाचा लॅपटॉप, कुणाचं शिवणयंत्र. आसावरीचा फोटो सापडला. आसावरी म्हणजे अनिलबुवांची बायको. त्यांच्या शेडमध्ये पाटावर पाने-पक्कड, हातोडी, ड्रिल मांडलेलं, झेंडूची फुलं. आणि मागे, अर्धा फोटोबाहेर, एक केशरी कोपरा आणि रुंद पट्टा. खाली मी जोडलेले हात टाकले होते. मीच. तेव्हा पाटाच्या पुढे मी बघितलंच नव्हतं.

तरी गुरुवारी त्यांच्या घरी जाताना मी मनात वकिली करत होते. दोन केशरी मशिनं असतील. बघायला आणलं असेल, परत पाठवलं असेल. शनिवारी दत्तजयंतीचं कीर्तन होतं आणि आख्यान सगुणेचं, ग्रुपवर जाहीर झालेलं. त्याआधी मला हे मिटवायचं होतं, एवढंच.

दुपारचे दोन वाजले होते. आसावरी खलबत्त्यात सुंठ कुटत होती. "ये गं! बरं झालं आलीस, हा सुंठवडा चाखून सांग, खोबरं कमी झालंय का. हे वर मीटिंगमध्ये आहेत, येतील एवढ्यात."

मी पर्समधून पुडी काढून ओट्यावर उघडली. "हे काय असेल सांग."

तिने वाकून बघितलं, एक दाणा उचलला, आणि हसायलाच लागली. "अगं बाई! अजून निघतायत का? माझ्याच त्या! खंडेनवमीला पूजा करत होते ना शेडमध्ये, यांनी त्या धुडाच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलेलं, मला काय ठाऊक! मी आपली मूठभर अक्षता वाहिल्या, त्या गेल्या सगळ्या पोटात. काय ओरडले गं माझ्यावर! दोन दिवस चाळणी घेऊन बसले होते. मी म्हटलं, अहो, मशीनला नैवेद्य झाला, आता पोट भरलं त्याचं." ती पुन्हा हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "सुनेत्रा? काय झालं?"

जिन्यावर पावलं वाजली. बुवा खाली आले. कानाला अजून हेडफोन. त्यांनी ओट्यावरची पुडी बघितली, मग मला.

"आसावरी, चहा टाक जरा," ते म्हणाले.

"चहा नको," मी म्हणाले. "बुवा, तुम्ही मला सांगितलंत की मशीन डोळ्यांनी पाहिलं नाही."

ते खुर्ची ओढून बसले. हेडफोन काढून टेबलावर ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. "ताई, बसा."

"मी बरी आहे उभी."

"तांदूळ मी काढला होता. मला वाटलं, सगळा निघाला. शपथेवर सांगतो."

"आणि सुई?"

त्यांनी आसावरीकडे बघितलं.

"सुईचं सांगा बुवा. तांदूळ तर चुकून पडला. रेझिस्टर चुकून पडला नाही ना?"

"अहो, दाब मधेच खाली यायचा. थोडासाच. येणारा माणूस ते बघून घाबरून परत जायचा. तीन जण गेले. मशीन चांगलं आहे हो! नुसत्या त्या सुईपायी..." त्यांनी हात पसरले. तेच हात, निरूपणात पसरतात तसे. "आणि मग तुम्ही फोन केलात. ताई, खरं सांगू? मला वाटलं, देवानेच पाठवलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर मला झोप लागली नसती. तुम्ही आहात म्हटल्यावर मला चिंता नव्हती. बिघडलं तरी तुम्ही आठवड्यात शोधून काढणार, हे मला माहीत होतं. म्हणून तर तुम्हाला दिलं."

आसावरीच्या हातातला बत्ता तसाच राहिला होता.

"आणि मी उघडून बघणार नाही, हेही माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. "तुमचा विश्वास आहे माझ्यावर," ते म्हणाले. हळूच, जवळजवळ प्रेमाने.

आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलं आहे. बिल्डरने, एका नातेवाईकाने, एका बॉसने. त्या सगळ्यांनी माझ्यातलं काहीतरी वाईट हेरलं होतं, माझा लोभ, माझी घाई. या माणसाने माझ्यातलं चांगलं हेरलं होतं. कुठे डोळे मिटून बसते, ते त्याने अकरा वर्षं शेजारी उभं राहून बघितलं होतं.

"लाइलच्या भुवईवर तीन टाके आहेत," मी म्हणाले. "बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. तुम्ही त्याला फोन करा. कसं झालं ते तुमच्या तोंडाने सांगा. मी तिथे तुमच्यासाठी शब्द टाकलाय, तो तुम्ही सोडवायचा."

"करतो. नक्की करतो. कीर्तनानंतर करतो, ताई. आत्ता दोन दिवस चित्त स्थिर लागतं, तुम्हाला माहितीये."

"मग मी साथीला नाही."

"असं करू नका. लोक विचारतील."

"विचारू देत."

दारापर्यंत आसावरी आली. तिने डबीत सुंठवडा भरला होता, तो माझ्या हातात कोंबला. "मला खरंच माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. मला ठाऊक होतं. माहीत असतं तर हसली नसती.

शुक्रवारी फोन आला नसल्याचं मला लाइलकडूनच कळलं. म्हणजे तो काही बोलला नाही त्याअर्थी आला नव्हता. शनिवारी सकाळपर्यंतही नाही. आणि मग मला आठवलं की लाइलला मी महिन्यापूर्वीच कीर्तनाचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. "तुझा गाणारा पाद्री बघायचाय," म्हणाला होता.

चार वाजता तो शाळेच्या हॉलमध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, भुवईवर पट्टी, हातात बायकोने केलेल्या लिंबाच्या वड्यांचा पत्र्याचा डबा. त्याने स्टेजकडे बघितलं. माझ्या जागेवर नकुल बसला होता, मंडळातला एक मुलगा म्हणावा असा चाळिशीचा गृहस्थ, पेटी नुकताच शिकलेला.

"तू वर का नाहीस?"

"आज सुट्टी," मी म्हणाले.

"बरं. मग मला सांगत राहा काय चाललंय ते."

बुवा आले. धोतर, उपरणं, पगडी, कपाळाला गंध. नमन झालं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा तिसऱ्या रांगेत खुर्चीवर लाइल दिसला, पांढरी पट्टी लांबूनही दिसत होती. एक क्षण सूर हलला. नकुलला कळला नाही, मला कळला. मला वाटलं, आता हे आख्यान बदलतील. मी मनातल्या मनात विनवत होते, बदला बुवा, आज दुसरं काहीही घ्या.

नाही बदललं. उत्तररंगात सगुणाच आली.

आणि काय सांगू, ते गायले इतकं सुरेख! मला वाटलं होतं, आज मला त्यात खोट ऐकू येईल. आली नाही. तीच साकीची चाल, तोच दुष्काळ, त्याच जागी माझ्या अंगावर तोच काटा. मी स्वतःवर चिडले. हाताची घडी घालून बसले होते, तर नामगजराला हात आपोआप सुटून टाळी धरायला लागले. फसवणुकीचं सगळ्यात मोठं दुःख हेच होतं, गाणं खरंच राहिलं होतं.

लाइल माझ्याकडे कलून बसला होता. मी त्याच्या कानात इंग्रजीत सांगत होते. दुष्काळ पडलाय. मडकी तडकलीत. दाराशी गिऱ्हाईक आलंय.

स्टेजवर बुवा वाकले आणि पेटीच्या लाकडावर पेराने वाजवलं. टक, टक.

"ते काय?" लाइल कुजबुजला.

"मडकं तपासतेय. आवाज बद्द आलाय. चीर आहे."

"मग? सांगते ती?"

"सांगते," मी म्हणाले.

"उपाशी असून?"

"हो."

लाइल मागे टेकला. "चांगली बाई," तो म्हणाला.

आरती झाली. बुवा गादीवर उभे राहिले आणि लोक रांगेने पुढे जाऊन त्यांच्या पायाशी वाकायला लागले. रीतच आहे ती. त्या जागेवरचा माणूस तेवढ्यापुरता नारद असतो. ते प्रत्येकाच्या कपाळाला बुक्का लावत होते. लाइलला हे सगळं आवडलं होतं, तो डबा काखेत धरून रांगेत उभा राहिला, मी त्याच्या मागे. मला वाटलं, आता. आता समोर आल्यावर तरी सांगतील. दोन वाक्यं पुरे होती. मी त्यांना पुढची अकरा वर्षं साथ केली असती.

लाइल समोर गेला. बुवांनी अंगठा बुक्क्यात बुडवला, पट्टी चुकवून त्याच्या कपाळाला हलक्या हाताने लावला, आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, मशीन कसं आहे? नीट चालतंय ना?"

"मस्त चालतंय," लाइल म्हणाला. "उंदीर होते! कुठून तरी तांदूळ आणून टाकीत भरला होता. सुनीने शोधून काढलं."

बुवांनी माझ्याकडे बघितलं. सगळा चेहरा सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. "जीनियस आहेत आमच्या ताई," ते लाइलला म्हणाले. आणि माझ्याकडे वाकून, मराठीत, अगदी हळू: "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? देव पावला."

बुक्क्याचा अंगठा माझ्या कपाळाकडे आला. मी कपाळ पुढे केलं नाही. तो तसाच हवेत राहिला.

माझ्या मागे तीस माणसं उभी होती. आसावरी प्रसादाच्या टेबलापाशी होती, हातात सुंठवड्याचं ताट. तिचं माझ्याकडेच लक्ष होतं.

"लाइल," मी म्हणाले, इंग्रजीत आणि मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "मी मंगळवारी तुझ्याशी खोटं बोलले. ते उंदीर नव्हते."